लाहेरीचा उच्चार

२०२४ साली २१ ऑक्टोबरला आमच्या गावातल्या एका सभागृहात पोलीस स्मृतिदिनाचा छोटासा कार्यक्रम होता. व्यासपीठावर झेंडूच्या माळा घातलेला फलक होता, समोर पणत्यांची ओळ होती आणि ध्वनिक्षेपक मधूनच शिट्टी घालत होता. सूत्रसंचालन एक तरुण प्राध्यापिका करत होत्या. त्यांचा आवाज स्वच्छ होता, तयारी मनापासून केलेली होती, हातातला कागद किंचित थरथरत होता. महाराष्ट्रात कर्तव्यावर मारल्या गेलेल्या पोलिसांच्या घटना त्या एकेक करून वाचत होत्या. वाचता वाचता त्या म्हणाल्या, “८ ऑक्टोबर २००९. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुका. लहरी येथे १७ पोलिसांना वीरमरण.” श्रोत्यांमध्ये कोणीच चमकले नाही. पुढचे वाक्य सुरू झाले. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो आणि माझ्या कानात तो एकच शब्द अडकून राहिला. लहरी. कागदावर बहुधा ‘लाहेरी’ असेच छापलेले असणार, पण डोळ्याने ओळखीचा शब्द उचलला आणि जिभेने तो उच्चारला. यात त्यांचा दोष मानावा असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. सोलापुरात लाहेरी हे नाव कोणाच्या तोंडी कशाला असेल?

कार्यक्रम संपल्यावर दाराशी त्या चपला घालत होत्या. मी त्यांच्या शेजारून गेलो आणि काहीच बोललो नाही.

मी २००७ साली शिक्षण सेवक म्हणून भामरागड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत रुजू झालो आणि चार वर्षे तिथे राहिलो. आयुष्यभर ज्याने ज्वारीची मोकळी राने आणि क्षितिजापर्यंत जाणारी नजर अनुभवली, त्याला आलापल्लीपासून पुढचा ६५ किलोमीटरचा रस्ता पहिल्यांदा पार करताना छातीवर कोणी हात ठेवल्यासारखे वाटते. दोन्ही बाजूंनी झाडे इतकी जवळ येतात की दुपारीही एसटीच्या आतला उजेड हिरवा होतो. मार्च लागला की मोहाच्या फुलांचा गोड, थोडासा आंबूस वास शाळेच्या वर्गात भरून राहायचा आणि त्या दिवसांत निम्मी मुले पहाटेपासून टोपल्या घेऊन झाडाखाली असल्यामुळे हजेरीपट रिकामा पडायचा. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की पूल पाण्याखाली जायचा, भामरागड तुटायचे आणि आमचे गाव तर त्याच्याही पलीकडे राहायचे. मुले माडिया बोलायची, मी मराठी बोलायचो आणि पहिले सहा महिने आमचे शिक्षण मुख्यतः हातवाऱ्यांवर चालले. त्या सहा महिन्यांत माझ्या स्वतःच्या बोलीतला एक शब्दही माझ्या कानावर पडला नव्हता. म्हणून गस्तीवरच्या पोलिसांची तुकडी पहिल्यांदा हातपंपावर पाणी प्यायला थांबली आणि त्यांतला एक शिपाई वऱ्हांड्याशी येऊन “काय गुरुजी, बरं हाय का?” म्हणाला, तेव्हा माझे डोळे भरून आले होते हे मी आता लिहायला हरकत नाही.

तो सोलापूरकडचाच होता. वय पंचविशीच्या आत, उन्हाने रापलेला, बूट चिखलाने भरलेले. त्यानंतर तुकडी त्या बाजूने आली की तो पाच-दहा मिनिटे वऱ्हांड्यात बसायचा, शिळे वर्तमानपत्र मागून घ्यायचा आणि आधी शेवटचे पान उलटून क्रिकेट वाचायचा. आम्ही कडक भाकरीवर, हुरड्यावर, सिद्धेश्वराच्या जत्रेतल्या गर्दीवर बोलायचो. नक्षलवाद्यांविषयी आम्ही एकदाही बोललो नाही. तिथे ते नाव कोणी घेतच नाही. गावकरी ‘दादालोक’ म्हणतात, ‘जंगलवाले’ म्हणतात, आणि तेही आवाज खाली आणून. एका संध्याकाळी गावातले एक वयस्क गृहस्थ शाळेपाशी आले, बराच वेळ बिडी ओढत उभे राहिले आणि जाता जाता म्हणाले, “गुरुजी, तो शिपाई तुमच्याकडे खूप बसते. चांगला नाही.” एवढेच. त्यात धमकी नव्हती. त्या माणसाने माझ्यावरच्या मायेपोटी ते सांगितले होते आणि सांगतानासुद्धा त्याने स्वतःला धोक्यात घातले होते, हे मला नंतर कळले. पोलिसांशी बोलणाऱ्याच्या नावापुढे ‘खबऱ्या’ हा शब्द लागायला तिथे फार वेळ लागत नसे, आणि एकदा तो लागला की पुढे कधीतरी रस्त्यावर एक मृतदेह आणि त्याच्यावर ठेवलेले पत्रक सापडे.

पुढच्या वेळी तुकडी आली तेव्हा मी वर्गात जाऊन फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. पाण्याचा तांब्या एका मुलाच्या हाती बाहेर पाठवला. त्याच्या पुढच्या वेळीही तसेच केले. तिसऱ्या वेळी तो सुट्टीवरून परत आला होता. मला खिडकीतून त्याची टोपी दिसत होती. तो थोडा वेळ वऱ्हांड्यात उभा राहिला, पाणी प्यायला आणि निघून गेला. तुकडी दिसेनाशी झाल्यावर मी बाहेर आलो, तर पायरीवर वर्तमानपत्रात बांधलेली शेंगाची चटणी ठेवलेली होती. गावाकडून आणलेली. नंतर काही महिन्यांनी त्याची त्या भागातून बदली झाल्याचे कानावर आले. त्याला मी पुन्हा कधी भेटलो नाही.

२००९ हे वर्ष त्या जिल्ह्याने कसे काढले, हे शब्दांत सांगणे मला अजून जमत नाही. १ फेब्रुवारीला धानोरा तालुक्यात मरकेगावला नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात १५ पोलीस गेले. २१ मे रोजी त्याच तालुक्यात हत्तीगोट्याला १६ गेले, त्यांत ५ महिला शिपाई होत्या. ८ ऑक्टोबरला, विधानसभेचे मतदान पाच दिवसांवर असताना, लाहेरीला १७ गेले. पंधरा, सोळा, सतरा. पाढा म्हटल्यासारखे हे आकडे तेव्हापासून माझ्या डोक्यात राहिले आहेत. लाहेरीच्या दिवशी आम्हा शिक्षकांची मतदानाच्या कामाची गडबड चालली होती. संध्याकाळपर्यंत आकडा पाच होता, मग नऊ झाला, रात्री कोणीतरी बारा सांगितला. दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरचा आवाज झाडांवरून गेला, तेव्हा मुलांनी नेहमीप्रमाणे वर्गाबाहेर धाव घेतली नाही. ती बाकांवर बसून छताकडे पाहत राहिली. वर्तमानपत्र आमच्याकडे उशिरा यायचे. ते आल्यावर मी नावांच्या यादीवर, मुलांचा निकाल पाहावा तसे, बोट ठेवून वरून खाली गेलो. त्याचे नाव नव्हते. मी पुन्हा एकदा पाहिले. नव्हते. माझ्या पोटातली गाठ सुटली आणि मी चक्क उठून चहा ठेवला. चहा उकळत असताना लक्षात आले की यादीतली सतराही नावे माझ्या डोळ्यांसमोरून गेली होती आणि त्यांतले एकही मी वाचले नव्हते. जुन्या वर्तमानपत्रांची मी मुलांच्या पुस्तकांना वेष्टने घालायचो. तो अंक मात्र कितीतरी महिने तसाच कपाटात घडी घालून पडला होता.

वीरमरण हा शब्द मी टाळतो असे नाही, पण तो फार लवकर उच्चारला जातो असे मला वाटते. चकमकीत पडलेल्या माणसाला तो शोभतो. पण १४ ऑगस्ट २०२० ला कोठीला जे घडले त्याला तो शब्द लावला की मूळ गोष्ट झाकली जाते. कोठी भामरागड तालुक्यातच आहे. तिथल्या पोलीस मदत केंद्रातले दोन शिपाई केंद्राजवळच्या दुकानात गेले होते. तिथे नक्षलवाद्यांनी त्यांच्यावर जवळून गोळ्या झाडल्या. एक जण गेला, एक जखमी झाला. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन होता. मी कोठीचे ते दुकान पाहिलेले नाही, पण त्या भागातली दुकाने मला पाठ आहेत. टिनाचे छप्पर, दोरीला टांगलेल्या शाम्पूच्या पुड्या, बरण्यांतली बिस्किटे, खर्रा घोटण्याची पाटी, मोबाइल रिचार्जचा मळका कागद, बाहेर फळकुटाचा बाक. अशा दुकानात कोणी लढायला जात नाही. माणूस साबण घ्यायला जातो, तंबाखू घ्यायला जातो, चार भिंतींच्या आणि काटेरी तारांच्या बाहेर पाच मिनिटे साध्या माणसासारखे उभे राहता यावे म्हणून जातो. त्या पाच मिनिटांत पाठीमागून येऊन मारण्याला मराठीत खून म्हणतात. फिर्यादीतही तोच शब्द आणि तेच कलम असते. सभागृहात मात्र आपण तो शब्द वापरत नाही, कारण त्याने कार्यक्रमाचे गांभीर्य कमी होईल असे आपल्याला वाटते. मला उलट वाटते. खून म्हटले की एक माणूस दिसतो, त्याच्या हातातली पिशवी दिसते.

आणि गाव? शहरात मला नेहमी हा प्रश्न विचारला जातो की एवढे दिवसाढवळ्या घडते तर गावकरी गप्प कसे बसतात. विचारणाऱ्याच्या स्वरात बहुतेक वेळा उत्तरही असते. त्यांना मी वऱ्हांड्यातली गोष्ट सांगत नाही, पण माझे उत्तर तिथूनच येते. मी शिकलेला, सरकारी पगार घेणारा, बदलीचा अर्ज करू शकणारा माणूस. एका वाक्याने मी वर्गात जाऊन फळ्याकडे तोंड केले. ज्याचे शेत तिथे आहे, ज्याच्या आईवडिलांच्या नावाने उभे केलेले दगड गावाबाहेरच्या झाडाखाली आहेत, ज्याची गुरे संध्याकाळी त्याच जंगलातून परत येतात, त्याने काय करावे? अशा घटनेनंतर पोलीस येऊन विचारतात, कोणी पाहिले. काही दिवसांनी रात्री दुसरे येतात आणि विचारतात, कोणी सांगितले. या दोन प्रश्नांच्या मधोमध गाव राहते. मी पाहिलेले मौन संमतीचे नव्हते. ते ओढ्याकाठी जनावराची चाहूल लागल्यावर माणूस श्वास रोखतो तसे होते, फक्त ते श्वास रोखणे चाळीस वर्षे चालले.

माझ्या चौथीच्या वर्गात एका बाकावर बसणारी दोन मुले होती. एकाचे अक्षर सुरेख होते आणि दुसरा पळण्यात कोणाला ऐकायचा नाही. सुरेख अक्षराचा मुलगा पुढे पोलिसांत भरती झाला. १९९० साली सुरू झालेल्या सी-६० या नक्षलविरोधी पोलीस पथकात मुद्दाम जिल्ह्यातलीच मुले घेतात, कारण जंगल आणि भाषा दोन्ही त्यांना ठाऊक असतात, हे सर्वांना माहीत आहे. त्याची दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही. ज्याला जंगल ठाऊक असते त्याचे घरही जंगलाला ठाऊक असते. त्या मुलाला लग्नासाठी, पेरणीसाठी, आजीच्या मरणालासुद्धा गावी जाता आले नाही. शेवटी घरचे लोक गाव सोडून गडचिरोलीला खोली करून राहिले. काही वर्षांपूर्वी त्याने मला फोन केला, “जोहार गुरुजी” म्हणाला आणि बराच वेळ मुलाच्या शाळेविषयी बोलत राहिला. फोन ठेवण्याआधी मी त्याच्या बाकावरच्या मित्राची चौकशी केली. तो थांबला. मग म्हणाला, “तो आत गेला, गुरुजी.” आत म्हणजे जंगलात, दादालोकांकडे, हे विचारायची गरज नव्हती. मी त्या दोघांना एकाच पाटीवर ‘अ’ गिरवायला शिकवले होते, कारण त्या वर्षी पाट्या कमी पडल्या होत्या.

लाहेरीच्या बाजूला जाताना रस्त्याकडेला तीन तऱ्हेच्या स्मृती भेटतात. माडिया लोक आपल्या मृतांसाठी दगड उभे करतात. कोणी गुडघ्याएवढा, कोणी पुरुषभर उंच, त्यांवर काहीही लिहिलेले नसते आणि तरी गावातले प्रत्येक माणूस कोणता दगड कोणाचा ते सांगू शकते. दुसरी म्हणजे नक्षलवाद्यांनी बांधलेली लाल रंगाची स्मारके. २८ जुलैपासूनच्या त्यांच्या ‘शहीद सप्ताहात’ रस्त्यावर झाडे आडवी पडायची, एसटीची मुक्कामी गाडी बंद व्हायची आणि मुले आपापल्या घरी थांबायची. तिसरी म्हणजे पोलीस ठाण्याच्या आवारातला संगमरवरी फलक, ज्यावर नावे, हुद्दे आणि तारखा कोरलेल्या असतात. लाल स्मारके पोलीस पाडायचे, ती पुन्हा बांधली जायची. फलक काटेरी तारेच्या आत असल्यामुळे गावातले कोणी तिथे फूल ठेवायला गेलेले मी पाहिले नाही. उभ्या दगडांना मात्र दोन्ही बाजूंच्या कोणी हात लावल्याचे मला आठवत नाही. दुकानात मारला गेलेला शिपाई या तिघांपैकी फक्त संगमरवराच्या वाट्याला येतो. ज्या गावात त्याने शेवटचा श्वास घेतला, त्या गावाजवळ त्याची आठवण ठेवायला सुरक्षित अशी एकही जागा नसते, ही गोष्ट मला अजून खुपते.

नावे आणि आकडे यांच्याबाबत आपण हलगर्जी आहोत, हे मला वयानुसार अधिक जाणवू लागले आहे. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ सुरुंग उडवून पोलिसांचे खाजगी वाहन उद्ध्वस्त केले गेले. ‘१५ जवान’ असे आपण म्हणतो. गाडीचा चालक सोळावा होता. तो पोलीस नव्हता, म्हणून घाईत तो आकड्याबाहेर राहतो. १७ मे २०२० ला भामरागड तालुक्यात पोपकोलीच्या जंगलात दोघे गेले, एक उपनिरीक्षक आणि एक शिपाई. उपनिरीक्षक आमच्या सोलापूर जिल्ह्यातला, पंढरपूर तालुक्यातला होता आणि शिपाई गडचिरोलीचाच. आमच्याकडे एकाच नावाचे फलक लागले. तिकडे कदाचित दुसऱ्याचे लागले असतील. ज्या दिवसामुळे २१ ऑक्टोबर ही तारीख ठरली, तो १९५९ चा दिवसही असाच आहे. लडाखमध्ये चिनी सैन्याच्या गोळीबारात १० पोलीस मारले गेले आणि ती जागा आपण साठ-पासष्ट वर्षे ‘हॉट स्प्रिंग्ज’ या इंग्रजी नावाने सांगतो आहोत. चांग चेन्मोच्या खोऱ्यात जनावरे चारणारे लोक त्या गरम पाण्याच्या झऱ्यांना काय म्हणतात, हे आमच्या सभागृहात कोणी कधी विचारले नाही. मीही नाही.

२०२५ साली १५ ऑक्टोबरला गडचिरोलीत नक्षलवाद्यांचा मोठा नेता भूपती आणि त्याच्या ६० साथीदारांनी मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. दूरचित्रवाणीवर ती दृश्ये पुन्हा पुन्हा दाखवत होते. मी खुर्ची पुढे ओढून बसलो होतो. गणवेशातल्या मुलामुलींची रांग, खांद्यावरून उतरणाऱ्या बंदुका, खाली गेलेली मान. मला आनंद झाला, हे आधी सांगतो. ज्या रस्त्यावरून मी चार वर्षे जीव मुठीत धरून गेलो, तिथे आता रात्री बस थांबेल, एखाद्या शिपायाला दुकानात जाताना मागे वळून पाहावे लागणार नाही, हे मला हवेच होते. पण माझे डोळे त्या रांगेत वेगळेच काही शोधत होते. पळण्यात कोणाला न ऐकणारा तो मुलगा आता तिशीच्या जवळ आला असेल. चौथीतला चेहरा तिशीत कसा दिसेल, हे मला ठरवता येईना. एका क्षणी एक चेहरा ओळखीचा वाटला आणि कॅमेरा पुढे सरकला. २००९ च्या वर्तमानपत्रावर मी जसे बोट फिरवले होते, तसेच मी पडद्यावर डोळे फिरवत होतो, हे माझ्या लक्षात आले आणि मी उठून आवाज बंद केला. सुरेख अक्षराच्या मुलाला फोन करावा असे वाटले. केला नाही. त्याला या दृश्याविषयी काय वाटत असेल ते विचारण्याचा हक्क मला आहे असे वाटेना. ज्यांची नावे संगमरवरावर आहेत, त्यांच्यासोबत त्याने जेवण केलेले आहे.

त्या वर्षी २१ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन आले. सभागृहात कार्यक्रम नव्हता. संध्याकाळी उंबऱ्याशी पणत्या लावताना मला मागच्या वर्षीच्या पणत्यांची ओळ आणि तो शब्द आठवला. एक वर्ष मी तो कानात घेऊन फिरत होतो. भाऊबीज झाल्यावर दोन-तीन दिवसांनी वाचनालयात दिवाळी अंक बदलायला गेलो, तर रांगेत माझ्या पुढे त्याच प्राध्यापिका उभ्या होत्या. हातात दोन अंक होते. मी त्यांना नमस्कार केला, कार्यक्रमाची आठवण दिली आणि शक्य तितक्या हळू आवाजात म्हणालो की ते गाव लहरी नाही, लाहेरी आहे. त्यांचा चेहरा उतरला. “अरेरे,” त्या म्हणाल्या, “सर, तुम्ही तेव्हाच सांगायचे होते.” मी काही बोललो नाही. त्यांनी पर्समधून पेन काढले, अंकाच्या पावतीच्या मागे लिहिले आणि मला दाखवले. ला, हे, री. शेवटची वेलांटी दीर्घ. बरोबर होते.

मग पावती घडी घालता घालता त्यांनी विचारले, “याचा माडियात काही अर्थ आहे का हो?”

मी तिथे चार वर्षे होतो. त्या रस्त्याने किती वेळा गेलो याची गणती नाही. मी त्यांना म्हणालो, “विचारून सांगतो.”